पोते, ओळखपत्र आणि आपण

परवा नात निबंधाची वही घेऊन आली. विषय होता पर्यावरण. "आजी, 'झाडे लावा' सोडून दुसरे काहीतरी सांग ना." मी म्हटले, आपल्याकडे रोज सकाळी कचरा घ्यायला येणाऱ्या मावशींवर लिही. ती हसली. मी मात्र गप्प झाले, कारण एक जुनी गोष्ट आठवली. ती शेवटी सांगते.

आमच्या लहानपणी, म्हणजे १९५५-६० च्या सुमारास, वाड्यात कचरा असा फारसा नसेच. वाण्याचा माल कागदाच्या पुड्यांत यायचा, त्या पुडीचा दोरासुद्धा गुंडाळून ठेवला जाई. जुने कपडे बोहारणीला, भाजीची देठे गाईला, आणि भांडी चुलीतल्या राखेने घासायची. हे काही आम्ही निसर्गप्रेमाने करत नव्हतो. वस्तू कमी होत्या, एवढेच. पुढे प्लास्टिक आले आणि कचराकुंड्या वाहू लागल्या.

त्या वाहणाऱ्या कुंड्यांशी वाकलेल्या बायका पुण्यात आपण सर्वांनीच पाहिल्या आहेत. त्यांतल्या कितीतरी कुटुंबांनी १९७२ च्या दुष्काळात गाव सोडले होते. बहुतेक दलित समाजातल्या, जमीन नाही, अक्षर नाही. कुंडीत हात घालून कागद, पुठ्ठा, काच, पत्रा निवडायचा, पोते पाठीवर टाकून भंगारच्या दुकानात न्यायचे. तिथून तो माल कारखान्यात जाऊन पुन्हा वापरात येई. महापालिकेचा तेवढा कचरा उचलण्याचा खर्च वाचे, तोही फुकटात. बदल्यात या बायकांना काय मिळे? हातात घुसलेल्या काचा, कुत्र्यांचे चावे, आणि चोरीचा संशय.

१९९० च्या सुमारास एस.एन.डी.टी. महिला विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षणाच्या कामातून लक्ष्मी नारायण, पूर्णिमा चिकरमाने आणि त्यांच्या सहकारी या वस्त्यांत गेल्या. नुसते शिकवून भागेना, म्हणून त्या बायकांबरोबर फेरीलाही निघाल्या. तेव्हा एक साधी गोष्ट ध्यानात आली. खरकट्यात भिजलेल्या कागदाला भाव येत नाही. घरातच ओला आणि सुका कचरा वेगळा ठेवला, तर बाईचे उकिरड्यातले तास वाचतात आणि चार पैसे जास्त मिळतात. आज आपण 'ओला-सुका' म्हणतो, त्यामागे एका बाईचे हात आहेत, हे किती जणांना ठाऊक असेल?

हमाल पंचायतीचे बाबा आढाव यांच्या पुढाकाराने १९९३ मध्ये पुण्यात कचरावेचकांची परिषद भरली. आठशेहून अधिक जण आले आणि 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' उभी राहिली. त्यांचे म्हणणे असे, की आम्ही भीक मागत नाही, हे काम आहे. दोन-तीन वर्षांत महापालिकेने संघटनेच्या ओळखपत्रांना मान्यता दिली. पोलिसाने हटकले तर दाखवायला एक कार्ड! आपल्याला त्याची किंमत कळणार नाही.

पुढे २००८ मध्ये 'स्वच्छ' ही कचरावेचकांच्या स्वतःच्या मालकीची सहकारी संस्था निघाली. महापालिकेशी करार होऊन या बायका दारोदार कचरा गोळा करू लागल्या. घरटी ठरलेले पैसे त्यांचे, आणि सुक्या मालाच्या विक्रीचेही त्यांचेच. देशाच्या २०१६ च्या नियमांत तर कचरावेचकांना व्यवस्थेत सामावून घ्या, असे स्पष्ट लिहिले गेले.

आता ती गोष्ट. गृहपाठ न करणाऱ्या मुलांना मी रागाने म्हणत असे, "शिकला नाहीत तर कचरा वेचावा लागेल!" आम्ही बरेच शिक्षक म्हणत असू. एका वर्षी पालकसभेला एक बाई आली. स्वच्छ नेसलेले लुगडे, गळ्यात ओळखपत्र. ते तिने मुद्दाम पुढे धरून मला दाखवले. तिची मुलगी शेजारी मान खाली घालून उभी होती. वर्षभर ती माझ्या वर्गात बसून ते वाक्य ऐकत होती. मी त्या बाईला बसायला खुर्ची दिली, पण क्षमा मागायचे धाडस झाले नाही. ते आजही टोचते.

नातीला हे सांगितले. तिने निबंधात काय लिहिले ते मी वाचलेले नाही. पण दुसऱ्या दिवशी फुटलेल्या बरणीच्या काचा तिने जाड कागदात गुंडाळल्या, वर मोठ्या अक्षरांत 'काच' लिहिले आणि मावशींच्या हातात दिल्या. दिल्यावर त्यांचे नाव विचारले. चार वर्षे त्या आमच्याकडे येतात. मी कधी विचारले नव्हते.