इंजिनाची गती : स्ट्रोकची लांबी आणि फ्लायव्हीलचे वजन

धरमतर खाडीतील मालवाहू बार्जचे डिझेल इंजिन संथ लयीत चालते, तर खाडीपुलावरून अलिबागकडे जाणाऱ्या मोटारसायकलचे इंजिन क्षणार्धात वेग घेते. या फरकामागील दोन प्रमुख कारणे इंजिनाच्या रचनेत आहेत.

पहिले कारण स्ट्रोक, म्हणजे पिस्टनचा एका दिशेचा प्रवास. प्रत्येक फेऱ्यात पिस्टन हे अंतर दोनदा कापतो. जुन्या ३४६ सीसी बुलेटचा स्ट्रोक ९० मिलिमीटर, तर चाकणला तयार झालेल्या ३७३ सीसी केटीएम ड्यूकचा ६० मिलिमीटर आहे. मिनिटाला ९००० फेऱ्यांना ड्यूकचा पिस्टन सेकंदाला सरासरी १८ मीटर धावतो. बुलेटचा २७ मीटर धावला असता. वाढत्या वेगाबरोबर घर्षण आणि कनेक्टिंग रॉडवरील ताण वाढतो. त्यामुळे लांब स्ट्रोकची इंजिने कमी फेऱ्यांसाठी बांधली जातात.

दुसरे कारण क्रँकशाफ्ट व फ्लायव्हीलचे वजन. स्ट्रोक गतीची मर्यादा ठरवतो. हे वजन तेथवर पोहोचण्याचा अवधी ठरवते. तेवढेच वजन केंद्रापासून दुप्पट अंतरावर असल्यास जडत्व चौपट होते. म्हणून कडेचे वजन घटवल्यास इंजिन चटकन वेग घेते. मात्र त्याची शक्ती वाढत नाही.

चार स्ट्रोकपैकी एकातच शक्ती निर्माण होते. उरलेल्या तिन्हींत फ्लायव्हीलच इंजिन फिरते ठेवते. ते फार हलके केल्यास कमी गतीत इंजिन गचके देते, बंद पडते. बेहिशेबी तासलेले फ्लायव्हील अतिवेगात फुटूही शकते. अवजड प्रॉपेलर फिरवणाऱ्या बार्जला तर चपळतेपेक्षा एकसारखी गतीच आवश्यक असते.