एका ताटाची साक्ष : शाहू महाराजांचे ओलीसपण आणि धर्म

शेंदूरजनाघाट हे सातपुड्याच्या पायथ्याचे गाव. आमच्या या वऱ्हाडात मराठी सत्तेची कथा सांगायची तर ती परसोजी भोसल्यांपासून सुरू करावी लागते. १७०७ साली शाहू मोगलांच्या छावणीतून सुटले आणि नर्मदा उतरून खानदेशात आले. त्या वेळी त्यांना येऊन मिळालेल्या पहिल्या मोठ्या सरदारांत परसोजी होते. आलेला शाहू खरा नव्हे, तोतया आहे, असा प्रवाद ताराबाईंच्या पक्षाकडून उठला होता. परसोजींनी शाहूंबरोबर एका ताटात जेवून तो खोडून काढला, असे परंपरा सांगते.

ही कथा सहसा वंशाची साक्ष म्हणून वाचली जाते. आम्हांस तीत आणखी एक साक्ष दिसते. सातव्या वर्षी शत्रूच्या हाती गेलेला आणि पंचविसाव्या वर्षी परतलेला हा राजपुत्र अजून आपल्या पंक्तीत बसू शकतो काय, हाही प्रश्न त्या ताटापाशी उभा होता.

११ मार्च १६८९ रोजी संभाजी महाराजांचा वध झाला. त्याच वर्षी नोव्हेंबरात रायगड पडला आणि येसूबाई, बाल शाहू व राजकुटुंबातील इतर माणसे मोगलांच्या स्वाधीन झाली. औरंगजेबाने शाहूंना राजा हा किताब आणि सात हजारांची मनसब दिली. त्यांचा मुक्काम बादशहाची कन्या झीनतुन्निसा हिच्या देखरेखीखाली, शाही डेऱ्यांच्या आवारातच असे. कागदोपत्री ते मनसबदार, प्रत्यक्षात ओलीस. मराठ्यांशी तह करायचा झाल्यास किंवा त्यांच्यात फूट पाडायची झाल्यास उपयोगी पडेल, असे हे मोहरे बादशहाने जपून ठेवले होते.

ओलिसाच्या श्रद्धेचे वर्णन करताना आपल्या ऐतिहासिक कादंबऱ्या तेजस्वी संवाद योजतात. समकालीन कागद मात्र जेवणाविषयी बोलतात. यदुनाथ सरकारांनी अभ्यासलेल्या मोगल दरबारच्या अखबारांत एक लहानशी नोंद आहे. शाहूंचा चेहरा पिवळा पडल्याचे बादशहाच्या ध्यानात आले व त्याने कारण विचारले. हा राजा शिजवलेले अन्न खात नाही, पक्वान्न-मिठाईवर राहतो, कारण कैदेत शिजवलेले अन्न खाणे हिंदू निषिद्ध मानतात, असे त्यास सांगण्यात आले. तेव्हा बादशहाने निरोप धाडला, की तुम्ही कैदेत नाही, आपल्याच घरी आहात, तेव्हा जेवावे.

साहित्याच्या विद्यार्थ्याने ही नोंद सावकाश वाचावी. बादशहाने व्रताची थट्टा केली नाही की ते मोडण्याचा हुकूमही दिला नाही. त्याने फक्त 'कैद' या शब्दाचा अर्थ बदलला. घर म्हटले की निषेधाचे कारणच उरत नाही! उलट न जेवणारा मुलगा, एक शब्दही न उच्चारता, आपण कैदेत आहोत हे रोज नोंदवीत होता. धर्माचा नियम येथे राजकीय विधान होऊन बसतो. आणि ते विधान करण्याचे दुसरे साधन त्या मुलापाशी नव्हते.

हा आचार त्यांनी एकट्याने पाळला असता, असे मात्र म्हणता येत नाही. जवळ येसूबाई होत्या, ज्योत्याजी केसरकरांसारखे सेवक होते. छावणीतच शाहूंची लग्ने झाली : एक वधू कण्हेरखेडच्या शिंद्यांची, दुसरी आमच्या वऱ्हाडातील सिंदखेडच्या जाधवांची. बादशहाच्या संमतीने, मोगली छावणीत, मराठी घराण्यांच्या सोयरिकी जुळल्या. श्रद्धा टिकते ती मनात, असे आपण सहज म्हणतो. येथे ती माणसांच्या घेऱ्यात टिकली, असे दिसते.

या घेऱ्याची सर्वांत जड किंमत १७०३ साली मोजली गेली. शाहूंनी इस्लाम स्वीकारावा, असा आग्रह बादशहाने धरला. झीनतुन्निसेने मध्यस्थी केल्याचे मराठी परंपरा सांगते. अखेर शाहूंऐवजी प्रतापराव गुजरांचे पुत्र खंडेराव आणि जगजीवन यांनी धर्मांतर केले. ज्या प्रतापरावांनी १६७४ साली नेसरीला मोजक्या स्वारांनिशी शत्रूवर झेप घेऊन प्राण दिले, त्यांचे हे मुलगे. बापाच्या त्या झेपेवर काव्ये झाली, मुलांच्या त्यागावर फारसे कोणी लिहिले नाही.

कारण उघड आहे. रणात देह ठेवणाऱ्याचे गाणे करता येते. दुसऱ्याचा धर्म राहावा म्हणून स्वतःचा सोडणाऱ्यास कोणत्या साच्यात बसवावे, हे आपल्या वीरकथेला उमगलेले नाही. त्यांना बाटलेले म्हणावे, तर राजाचा आचार त्यांच्यामुळेच अखंड राहिला. त्यांना धर्मवीर म्हणावे, तर त्यांनी धर्मच सोडला. १६६७ साली मुसलमान झालेल्या नेताजी पालकरांना शिवाजी महाराजांनी १६७६ मध्ये स्वधर्मात परत घेतले. गुजरांचा वंश मात्र पुढे मुसलमान म्हणूनच नांदला. शाहूंनी गादीवर आल्यावर त्यांना इनाम देऊन उपकाराची आठवण ठेवली.

औरंगजेबाच्या मृत्यूनंतर, १७०७ मध्ये, आझमशहाने शाहूंना सोडले. येसूबाईंना सोडले नाही. मुलगा बादशाहीशी इमानाने वागावा यासाठी आई ओलीस राहिली. त्या परतल्या १७१९ साली, बाळाजी विश्वनाथांच्या दिल्ली मोहिमेनंतर. त्याच मोहिमेत दख्खनच्या सहा सुभ्यांच्या चौथाईच्या सनदा मिळाल्या आणि त्यांत वऱ्हाडचा सुभाही होता. आमच्या मुलखाची चौथाई आणि एका आईची सुटका एकाच वाटाघाटीतून निघाली, हे वऱ्हाडच्या इतिहासात क्वचितच सांगितले जाते. तीस वर्षांच्या त्या बंदिवासात येसूबाईंनी काय पाळले, काय सोडले, याविषयी बखरी जवळजवळ गप्प आहेत. राजपुत्राचे जेवण बादशहाच्या नजरेत भरले म्हणून अखबारात उतरले. त्याच्या आईच्या ताटाकडे अखबारनविसाने पाहिले नाही.

म्हणून परसोजींच्या त्या ताटाकडे आम्ही थोड्या वेगळ्या दृष्टीने पाहतो. त्या पंक्तीत शाहूंना जागा मिळाली ती त्यांच्या निग्रहामुळे खरीच. पण त्याचबरोबर ती दोन भावांनी आपली जागा सोडली म्हणूनही मिळाली. शाहूंच्या निष्ठेची कथा वर्गात शिकविताना गुजर बंधूंची नावे तळटीपेत न टाकता मुख्य मजकुरात घ्यावीत, एवढेच आमचे मागणे आहे.