वेळूचा आडोसा

गोदावरीच्या काठावर एक बाई अगदी साळसूद चेहऱ्याने थाप मारते. समोरच्या भाविक गृहस्थाला ती सांगते, आता खुशाल हिंडा; तुमच्या अंगावर धावून येणारा तो कुत्रा आज मेला, काठावरच्या झाडीत राहणाऱ्या सिंहाने त्याला मारले. हाल सातवाहनाच्या नावावर असलेल्या ‘गाथासप्तशती’तली ही गाथा. कुत्र्याला भिणारा माणूस सिंहाचे नाव ऐकल्यावर त्या बाजूला फिरकणार नाही, हे तिला पक्के ठाऊक आहे. ती झाडी म्हणजे तिची आणि तिच्या सख्याची भेटीची जागा, आणि टीकाकार सांगतात त्याप्रमाणे हा बुवा फुलांसाठी रोज तीच ओरबाडतो आहे. नवव्या शतकात काश्मीरच्या आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’त ही गाथा उदाहरण म्हणून घेतली : तोंडाने ‘या’, मनात ‘येऊ नका’. काव्यशास्त्राने त्यातला ध्वनी उचलला. आडोशाचा इतिहास सांगणाऱ्याने झाडी उचलावी.

तीच गोदावरी पुढे परभणी जिल्ह्यात पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पालम असे तालुके ओलांडत जाते. काठावर आज गाथेतली झाडी शोधायला गेले तर पुष्कळ ठिकाणी ऊस सापडतो. ऊसही आडोसा देतो म्हणा, पण तोडणीची टोळी आली की दोन दिवसांत शिवार पुन्हा उघडे. बाकी मुलूख काळ्या मातीचा, सपाट. बांधावर कुणी बसले तरी पलीकडच्या शिवारातून दिसते. डोंगराने, दरीने किंवा दाट रानाने फुकट दिलेला आडोसा इथे फारसा नाही. तो माणसाने उभा करायचा आणि राखायचा.

आणि तो उभा करायला लागणारा बांबू इथे शतकानुशतके बाहेरून, तोडलेलाच आला.

ताटी, तट्ट्या, कूड, चिक हे आडोशाचे जुने शब्द. ताटी म्हणजे कामट्यांची किंवा काड्या-गवताची झापड, झोपडीचे दार. संतपरंपरेतला सर्वांत प्रसिद्ध आडोसा हाच. लोकांच्या बोलण्याने व्यथित झालेले ज्ञानेश्वर ताटी लावून आत बसले आणि धाकट्या मुक्ताबाईने बाहेरून त्यांना समजावले, ते ‘ताटीचे अभंग’. या संतमंडळींपैकी जनाबाई गंगाखेडची. नामदेवांची नरसी १ मे १९९९ रोजी हिंगोली वेगळा जिल्हा होईपर्यंत परभणी जिल्ह्यातच होती. ताटीच्या अभंगांतले अध्यात्म थोरच, पण घराच्या अंगाने पाहिले तर एक गोष्ट लक्षात येते : त्या काळच्या गरीब घरात ‘मला एकटे राहू द्या’ हे सांगायला एक ताटी पुरत होती. ती ढकलून आत जाणे कुणालाही जमले असते. मुक्ताबाई तसे करत नाही, ती विनवते.

वाड्यांतली गोष्ट निराळी. तिथे बारीक कामट्या सुताने गुंफलेले चिकाचे पडदे असत. आतून बाहेरचे दिसावे, बाहेरून आतले दिसू नये, ही त्यांची खुबी. परभणी १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. त्या अमलात पडद्याची रीत मुसलमान घरांत होती आणि बड्या हिंदू घरांतही होती. गावात मात्र कामकरी बाईला चिक कुठला! तिची न्हाणी म्हणजे तुराट्या आणि पऱ्हाट्यांचा तीन बाजूंनी उभारलेला कूड, शेणाने लिंपला तर लिंपला. आणि परसाकडे जायचे तर पहाटेचा अंधार व वेड्या बाभळीचे बन. आडोसा हा शब्द शहरात घराच्या सजावटीत जातो; खेड्यातल्या बाईच्या तोंडी त्याचा अर्थ अजून पुष्कळदा हाच असतो.

तट्ट्या विणणारे हात बुरुडांचे. बाराव्या शतकात बसवेश्वरांच्या कल्याणनगरीत, म्हणजे आजच्या बीदर जिल्ह्यातल्या बसवकल्याणात, मेदार केतय्या नावाचे शरण होऊन गेले. बांबूच्या टोपल्या-सुपे करून पोट भरणारे आणि वचने रचणारे. बुरुड समाज आजही त्यांना आपला संतपुरुष मानतो. बसवकल्याण आणि परभणी ही दोन्ही गावे निजामाच्या एकाच राज्यातली. सूप, दुरडी, डालगे, कणगी, रोवळी, कोंबड्या झाकायचे डाले, गाडीला लावायचा तट्ट्या : शेतकऱ्याचे घर बुरुडाच्या हाताने भरलेले असे. मात्र परभणीच्या बुरुडाला बांबू दारात मिळत नव्हता. जिल्ह्यात जंगल थोडे, तेही मुख्यतः जिंतूरच्या बाजूच्या टेकड्यांवर, काटेरी आणि विरळ. बांबूचे भरघोस रान पूर्वेला, किनवट-माहूरच्या अंगाला. संस्थानी काळात किनवट आदिलाबाद जिल्ह्यात मोडे. पुढे त्याच आदिलाबाद जिल्ह्यात सिरपूरचा कागद कारखाना उभा राहिला आणि जंगलातल्या बांबूला बुरुडाखेरीज दुसरे, कितीतरी मोठे गिऱ्हाईक मिळाले.

मग कुंपण कशाचे असे? काट्याचे. बाभळीच्या फांद्या रचलेली कुपाटी ही सर्वांत स्वस्त, पण ती दर साल नवी करावी लागे. कायमची वई हवी असेल तर शेर, निवडुंग, घायपात, चिल्हार, सागरगोटी. यातले निवडुंग आणि घायपात मूळचे अमेरिकेतले, परंतु गावात इतके मुरले की पंचमहाभूतांइतके जुने वाटावेत. फड्या निवडुंगाने पुढे गावठाणे आणि गायराने गिळायला सुरुवात केली. तेव्हा १९२६ मध्ये त्याच्यावर जगणारा एक किडा मुद्दाम बाहेरून आणून दक्षिण भारतात सोडण्यात आला आणि थोड्याच वर्षांत मैलोगणती निवडुंग सुकून आडवा झाला. कुंपण शेत खाते ही म्हण सर्वांना माहीत आहे. इथे कुंपणालाच कुणीतरी खाऊन टाकले.

काटेरी कुंपणाचा या देशातला सर्वांत अचाट नमुना परभणीपासून फार दूर नव्हता. मिठावरचा कर चुकवून मीठ पलीकडे जाऊ नये म्हणून इंग्रजांनी सिंधूपासून थेट ओडिशाकडे जाणारी जकातीची सीमा आखली आणि तिच्यावर शेकडो मैल जिवंत कुंपण वाढवले. हे कुंपण दक्षिणेला बुऱ्हाणपूरपर्यंत, म्हणजे खानदेशाच्या उंबऱ्यापर्यंत आले होते. बोर, बाभूळ, करवंद, निवडुंग, आणि जमीन मानवेल तिथे बांबू. १८६७ ते १८७० या काळात या जकात खात्याचा प्रमुख होता ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम. सुक्या काट्यांपेक्षा हिरवे कुंपण स्वस्त आणि टिकाऊ, हे त्याने हिशेब मांडून पटवले. पुढे १८८५ मध्ये काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारा तो हाच ह्यूम. १ एप्रिल १८७९ रोजी ती सीमा बंद झाली आणि कुंपण इतके पुसले गेले की रॉय मॉक्सम या इंग्रज लेखकाला त्याचा माग काढायला कित्येक वर्षे भटकावे लागले. त्याचे पुस्तक २००१ मध्ये निघाले.

मिठाच्या कुंपणात बांबू चालला, मग परभणीच्या अंगणात का नाही?

एक कारण तिरडी. जो बांबू प्रेताला खांदा देतो तो दारात कोण लावणार! शिवाय संस्कृतात ‘वंश’ म्हणजे बांबू आणि ‘वंश’ म्हणजे कूळही. म्हणून बांबू चुलीत घालू नये, घराजवळ लावू नये, अशा समजुती चिकटल्या. गंमत अशी की याच बांबूवाचून एकही शुभकार्य होत नाही. पाडव्याची गुढी वेळूच्या काठीवर चढते, मांडव बांबूवर उभा राहतो, लग्नात वधूकडची मंडळी दिवे लावलेली झाल वरपक्षाच्या डोक्यावर धरतात तीही बांबूची. थोडक्यात, तोडलेला बांबू घरात चालतो, वाढणारा नको. त्यात भर म्हणजे फुलोऱ्याची धास्ती. बांबू अनेक वर्षांनी, जातीप्रमाणे वीस-पंचवीसपासून चाळीस-पन्नास वर्षांनी, एकदम फुलतो, बी धरतो आणि बेटाचे बेट मरते. बियांवर उंदीर माजतात, म्हणून ‘बांबू फुलला की दुष्काळ’ असे लोक म्हणत आले.

शास्त्राचे म्हणणे उलटे होते. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात हद्दीची भांडणे टळावीत म्हणून सीमेवर काय लावावे याची यादी आहे आणि तिच्यात नाना जातींचे वेळू येतात. हे ज्याने सुचवले त्याला शेतकरी ओळखता येत होता. मराठवाड्यातल्या तंट्यांचे एक सनातन मूळ म्हणजे बांध कोरणे : दर नांगरटीला वीतभर पलीकडे सरकायचे, दहा वर्षांत दोन तासे आपली. बेटाच्या कंदात नांगराचा फाळ अडकतो. शेजारी सरकायचा म्हटला तरी सरकत नाही.

दुसरे कारण जमीन. काळी भारी माती पावसाळ्यात पाणी धरून फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. बांबूला ओल हवी, पण साचलेले पाणी नको. निचरा नसेल तर कंद कुजतो. म्हणून या भागात तो ओढ्याच्या काठी, पाटाच्या कडेला आणि मुरमाड उतारावर बरा येतो.

तिसरे कारण सरकार, आणि ते फार अलीकडेपर्यंत टिकले. निजामाच्या राज्याचा स्वतःचा जंगल कायदा होता, फसली १३५५ सालचा. ब्रिटिश हिंदुस्थानातला १९२७ चा. या १९२७ च्या कायद्याने ‘झाड’ या शब्दाच्या व्याख्येत ताड, बुंधे, झुडपे यांच्याबरोबर बांबूही कोंबला. वनस्पतिशास्त्रात बांबू म्हणजे गवत, ज्वारी-उसाच्या गोतातले. कायद्यात मात्र झाड. स्वतःच्या बांधावरचा बांबू तोडून गाडीत घालायचा तर वाहतूक परवान्याची कटकट. तोडता येईल की नाही याचीच खात्री नसलेली गोष्ट कोण लावील? गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाच्या ग्रामसभेला आपल्या जंगलातला बांबू आपल्या पासावर विकण्याचा हक्क एप्रिल २०११ मध्ये मिळाला, तेव्हा ती देशभरची बातमी झाली, यावरून या कटकटीचे वजन कळावे. अखेर २३ नोव्हेंबर २०१७ च्या वटहुकुमाने आणि पाठोपाठच्या दुरुस्तीने ‘झाड’च्या व्याख्येतून बांबू वगळला गेला. नव्वद वर्षांनी गवत कायद्याने गवत झाले.

त्यानंतर बांबूच्या लागवडीला अनुदाने आली, शेजारच्या लातूर जिल्ह्यातून शेतकरी नेते पाशा पटेलांनी गावोगाव बांबूचा धोशा लावला, आणि शेताच्या जोडीने तो शहरातल्या प्लॉटवरही येऊ लागला. परभणीत १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे, त्यामुळे रोपवाटिकेत जाऊन जात विचारून घेण्याची सवय इथल्या लोकांना तशी जुनी. प्रश्न मात्र नवा. पाच फुटी आवारभिंत रस्त्यावरच्या नजरेपासून वाचवते. शेजारी तीन मजले चढले की वरून अंगणच काय, स्वयंपाकघरही दिसते. चिकाचा पडदा आभाळात टांगता येत नाही. तिथे उंच, जिवंत, दाट असे काही हवे.

पण ‘बांबू’ म्हणून कोणताही आणून चालत नाही, आणि इथेच पुष्कळांची फसगत होते. महाराष्ट्राच्या रानातला सर्वांत ओळखीचा बांबू म्हणजे मानवेल. काटक, उन्हाला न डगमगणारा. म्हणून तोच लावावासा वाटतो. पण कोरड्या मुलखात मानवेल उन्हाळ्यात पाने गाळतो. परभणीचा पारा चाळिशी ओलांडतो, माणसे अंगणात बाज टाकतात, नेमका तेव्हाच पडदा उघडा. काटस किंवा कळक दाट खरा, रानडुक्कर आणि रोही यांना शेताबाहेर ठेवायला उत्तम. पण काटे क्रूर आणि उंची ऐंशी फुटांच्या घरातही जाते. त्याचे स्थान शिवाराच्या कडेला. पिवळ्या खोडाचा, हिरव्या रेघांचा बांबू देखणा, पण तळाशी उघडा पडतो. कोकणातला माणगा बिनकाट्याचा, भरीव आणि सरळ; इथे त्याला उन्हाळ्यात पाणी द्यावे लागते. घराच्या आडोशाला सर्वांत सोयीची बारीक कांड्यांची, मूळची चीनकडची मल्टिप्लेक्स जात. ती पंधरा-वीस फुटांवर थांबते आणि जमिनीपासून पानांनी भरलेली राहते, म्हणून कुंपणाचा बांबू अशीच तिची ख्याती आहे.

आपल्याकडचे हे सगळे बांबू बेट करून वाढतात, जागच्या जागी फुगतात. परदेशातले धावते बांबू जमिनीखालून शेजाऱ्याच्या हद्दीत निघतात. अमेरिकेतल्या कनेटिकट राज्याला तर २०१३ मध्ये त्यासाठी कायदा करून लावणाऱ्याला नुकसानीचा धनी ठरवावे लागले. परभणीतली तक्रार साधी असते : पाचोळा, सावली आणि साप. पाचोळा खरा आहे. सावली शेजाऱ्याच्या पिकावर पडते तेव्हा तीही खरी. सापाचे खापर बांबूवर फोडण्यात मात्र अर्थ नाही. खाली पाला-कचरा साठू दिला की उंदीर येतात आणि उंदरांमागे साप, मग वर बांबू असो की बोगनवेल.

लावण्याचा काळ पावसाळ्याच्या तोंडाचा. भारी मातीत खड्ड्यात मुरूम, शेणखत आणि पोयट्याची भर घालून वरंबा उंच ठेवायचा. पहिले दोन उन्हाळे ठिबक लागतेच. पहिल्या वर्षी काही घडत नाही असे वाटते, माणूस रोपवाटिकेवर चिडतो. दुसऱ्या-तिसऱ्या पावसाळ्यात जुलै-ऑगस्टमध्ये जाड कोंब वर येतात आणि बघता बघता भिंतीवर जातात. बांबूची कांडी जन्मतानाच जेवढी जाड तेवढीच राहते. उंचीही एका हंगामात गाठते. त्यामुळे शेंडे छाटून तो दाट होईल या आशेपेक्षा तीन वर्षांच्या जून काठ्या बुडातून काढणे आणि कोवळ्यांना जागा देणे, हीच त्याची निगा. कापायचे ते पावसाळ्यानंतर, नवे कोंब टणक झाल्यावर.

या जून काठ्यांना आता पास लागत नाही. पाडव्याच्या आदल्या दिवशी बाजारात गुढीच्या काठीचा भाव विचारण्याआधी माणूस घरच्या कुंपणाकडे एकदा बघून घेतो. मल्टिप्लेक्सची काठी गुढीला जरा बारीकच पडते.