स्कूबा डायव्हिंगचे प्रवासी साहित्य

स्कूबा डायव्हिंगचे प्रवासी साहित्य म्हणजे दूरच्या समुद्रात पाणबुडी मारण्यासाठी विमानाने सोबत नेता येईल अशा बेताने निवडलेली आणि जुळवलेली साधनसामग्री होय. सामानाच्या वजनावरील मर्यादा, गंतव्यस्थानाच्या पाण्याचे तापमान आणि तेथील डायव्हिंग केंद्रात उपलब्ध असणाऱ्या टाक्यांचा प्रकार या तीन गोष्टींवर ही निवड अवलंबून असते. पाण्याखाली श्वसन आणि तरंगणे हे दोन्ही साहित्यावरच विसंबून असल्यामुळे वजन वाचवताना सुरक्षितता कमी होणार नाही, हे या निवडीचे मूलभूत तत्त्व मानले जाते.

पार्श्वभूमी

फ्रेंच नौदल अधिकारी झाक-ईव्ह कूस्तो आणि अभियंता एमिल गान्यां यांनी १९४३ मध्ये मागणीनुसार हवा पुरवणारा रेग्युलेटर विकसित केला. त्यामुळे पृष्ठभागावरील नळीशिवाय पाण्याखाली मोकळेपणाने संचार करणे शक्य झाले. पुढे डायव्हिंग हा हौशी पर्यटनाचा भाग बनला. आज किनाऱ्यावरील केंद्रे टाक्या व शिशाची वजने पुरवतात, त्यामुळे या दोन अत्यंत जड वस्तू प्रवाशाला सोबत न्याव्या लागत नाहीत.

स्वतःचे की भाड्याचे

शरीराला नेमके बसावे लागणारे आणि सवयीचे असावे लागणारे साहित्य स्वतःचे असावे, तर जड व सर्वत्र सारखे असणारे साहित्य भाड्याने घ्यावे, असा सर्वसाधारण संकेत आहे. त्यानुसार मास्क आणि डायव्ह संगणक या दोन वस्तू प्रथम सोबत घेतल्या जातात. मास्क चेहऱ्याला घट्ट न बसल्यास त्यात सतत पाणी शिरते. चष्मा वापरणाऱ्यांसाठी क्रमांकाच्या काचांचे मास्क मिळतात. असे मास्क भाड्याने मिळण्याची खात्री नसते. डायव्ह संगणक खोली व वेळ यांची नोंद ठेवून शरीरात विरघळलेल्या नायट्रोजनचा हिशेब करतो. हा हिशेब मागील पाणबुड्यांवर अवलंबून असल्यामुळे संपूर्ण सहलीत एकच संगणक वापरणे आवश्यक ठरते.

साहित्याची निवड

रेग्युलेटर : रेग्युलेटरचे दोन टप्पे असतात. पहिला टप्पा टाकीतील उच्च दाब कमी करतो आणि दुसरा टप्पा तोंडाशी सभोवतालच्या दाबाइतकी हवा देतो. १० अंश सेल्सिअसपेक्षा थंड पाण्यात पहिला टप्पा गोठू नये म्हणून विशेष बंदिस्त रचना लागते. उष्ण कटिबंधातील सहलीसाठी तिची गरज नसल्यामुळे लहान व हलका रेग्युलेटर पुरतो. विणलेल्या आवरणाच्या नळ्या रबरी नळ्यांपेक्षा हलक्या असून त्यांची घडीही लहान होते.

टाकीची जोडणी : रेग्युलेटर टाकीला दोन प्रकारे जोडला जातो. योक पद्धतीत कडे वॉल्व्हभोवती बसवून स्क्रूने आवळतात. तिचा वापर २३२ बार दाबापर्यंत होतो. डिन पद्धतीत रेग्युलेटर आट्यांनी वॉल्व्हमध्ये बसतो आणि ३०० बारपर्यंतच्या टाक्यांसाठीही ती उपलब्ध आहे. युरोपात डिन, तर अमेरिका खंडात व उष्ण कटिबंधातील बहुतेक पर्यटनस्थळी योक अधिक आढळते. डिन रेग्युलेटरसोबत योक अ‍ॅडॅप्टर ठेवल्यास दोन्ही प्रकारच्या टाक्या वापरता येतात. मात्र अ‍ॅडॅप्टरमुळे पहिला टप्पा मागे सरकतो आणि डोक्याला टेकू शकतो.

बीसीडी : प्लावकता नियंत्रित करणाऱ्या या जाकिटाचे प्रवासी प्रकार पाठीवरील कठीण पत्रा काढून टाकून व पातळ कापड वापरून बनवलेले असतात. ते गुंडाळता येतात. पण त्यांची उचलण्याची क्षमता व खिसे तुलनेने कमी असतात. जाड वेटसूट आणि अधिक शिसे वापरणाऱ्यांनी ही क्षमता आधी तपासणे महत्त्वाचे असते.

वेटसूट : पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेते. म्हणून कोमट समुद्रातही शरीर हळूहळू गार पडते. २७ अंशांपुढील पाण्यात साधारणतः ३ मिमी, तर २१ ते २६ अंशांत ५ मिमी जाडीचा निओप्रीन सूट वापरतात. दिवसातून अनेकदा पाण्यात उतरणाऱ्यास वा लवकर थंडी वाजणाऱ्यास अधिक जाडी लागते.

फिन्स : पूर्ण पायाचे फिन्स हलके असतात व अनवाणी घालता येतात. खडकाळ किनाऱ्यावरून पाण्यात शिरायचे असल्यास बुटांसह घालायचे, मागे पट्टा असलेले फिन्स सोयीचे ठरतात.

जुळणी

प्रचलित जुळणीत मुख्य दुसऱ्या टप्प्याची नळी उजव्या खांद्यावरून येते, तर बीसीडीत हवा भरण्याची नळी व दाबमापक डाव्या बाजूला असतात. सोबत्याची हवा संपल्यास त्याला देण्यासाठी असलेला पर्यायी दुसरा टप्पा, अर्थात ऑक्टोपस, सहसा पिवळा असतो आणि तो हनुवटी व बरगड्यांच्या खालच्या टोकांमधील त्रिकोणात, झटक्यात हाती येईल असा अडकवतात. लोंबणारी नळी प्रवाळात अडकते, तसेच संकटकाळी सापडत नाही. निराळी जुळणी वापरणाऱ्याने ती पाण्यात उतरण्यापूर्वी सोबत्याला दाखवावी. नवे साहित्य सहलीपूर्वी तरणतलावात वापरून पाहण्याची शिफारस केली जाते.

वजनाचा हिशेब

तलावात जुळवलेले शिसे समुद्रात पुरत नाही. समुद्राचे पाणी गोड्या पाण्यापेक्षा सुमारे २.५ टक्के घन असल्यामुळे साहित्यासह १०० किलो भरणाऱ्या व्यक्तीस अंदाजे अडीच किलो शिसे वाढवावे लागते. टाकीच्या धातूनेही फरक पडतो. पर्यटनस्थळी सर्रास मिळणाऱ्या ११ लिटरच्या अ‍ॅल्युमिनियम टाकीतील हवेचेच वजन सुमारे अडीच किलो असते. भरलेली टाकी पाण्यात किंचित बुडते, पण हवा संपत आल्यावर तरंगू लागते. म्हणून शिशाची मात्रा पाणबुडीच्या अखेरीस, ५ मीटर खोलीवरील सुरक्षा थांब्यावर ५० बार हवा उरलेली असताना स्थिर राहता येईल अशी ठरवतात. शिसे कमी पडल्यास नेमक्या याच वेळी माणूस अनियंत्रितपणे वर खेचला जातो.

विमानप्रवास

सुटे लिथियम विद्युत्घट केवळ हातातील सामानात नेता येतात. १०० वॉट-तासांपर्यंतच्या घटांना सहसा परवानगी लागत नाही. १०० ते १६० वॉट-तासांसाठी विमान कंपनीची संमती लागते. पाण्याखालील शक्तिशाली विजेऱ्या चुकून सुरू होऊन तापू नयेत म्हणून त्यांचा घट वेगळा काढून ठेवावा लागतो. चाकू व कात्री नोंदणीच्या सामानात ठेवतात. रेग्युलेटर, संगणक व मास्क शक्यतो हातातील पिशवीत ठेवले जातात, कारण नोंदणीचे सामान हरवल्यास त्यांची जागा भाड्याच्या वस्तूंनी भरून काढणे सर्वांत कठीण असते.

भारतातील स्थळे

भारतात अंदमान, लक्षद्वीप, कर्नाटकातील नेत्राणी, गोव्यातील ग्रँड आयलंड आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यातील मालवण-तारकर्ली परिसर ही परिचित स्थळे आहेत. तारकर्ली येथे महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे. कोकणात रस्त्याने वा रेल्वेने जाता येत असल्याने वजनाचा प्रश्न फारसा उद्भवत नाही. परंतु पश्चिम किनाऱ्यावर पावसाळ्यात समुद्र खवळलेला असल्याने डायव्हिंग बंद असते. अंदमानातील स्वराज द्वीपाला जाण्यासाठी मात्र विमानानंतर बोटीचाही प्रवास करावा लागतो, त्यामुळे आटोपशीर सामान उपयोगी पडते.

परतीचा प्रवास

शेवटच्या पाणबुडीनंतर लगेच विमानात बसल्यास केबिनमधील कमी दाबामुळे विसंपीडन विकार होऊ शकतो. एका साध्या पाणबुडीनंतर किमान १२ तास आणि अनेक पाणबुड्यांनंतर किमान १८ तास थांबावे, अशी मार्गदर्शक तत्त्वे आहेत. अनेक जण २४ तास थांबतात. हा काळ साहित्य गोड्या पाण्याने धुण्यास व सावलीत वाळवण्यास उपयोगी पडतो. धुताना रेग्युलेटरच्या पहिल्या टप्प्यावर धूळरोधक टोपण घट्ट बसवतात आणि दुसऱ्या टप्प्याचे बटण दाबत नाहीत, अन्यथा पाणी आत शिरून भाग गंजतात. ओले साहित्य कोरड्यापेक्षा बरेच जड भरते, त्यामुळे जाताना मर्यादेत असलेले सामान परतताना मर्यादा ओलांडू शकते.