रांगत रांगत पुन्हा वर्गात

लहान मूल आधी रांगते, मग धरून उभे राहते, मग पाऊल टाकते. अर्धांगवायूने एक बाजू लुळी पडलेल्या साठीपुढच्या माणसालाही हाच क्रम उपयोगी पडेल का? १९५० च्या दशकाच्या अखेरीस एका मुलाने आपल्या वडिलांसाठी हेच करून पाहिले.

पेद्रो बाख-इ-रिटा न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजात शिकवत. झटक्याने त्यांची अर्धी बाजू आणि वाचा गेली. काही आठवड्यांच्या उपचारांनी फरक पडला नाही. प्रौढ मेंदूतील चेतामार्ग बदलत नाहीत, असेच तेव्हा बहुतेकांना वाटे. वैद्यकाचा विद्यार्थी असलेला मुलगा जॉर्ज त्यांना मेक्सिकोतील घरी घेऊन गेला. दुबळा खांदा भिंतीला टेकवून पेद्रो आधी रांगू लागले. मग गोट्या उचलणे, दुबळ्या हाताने भांडी गोल गोल घासणे, मग उभे राहणे, चालणे. सुमारे वर्षभराने ते पुन्हा वर्गात शिकवू लागले.

१९६५ साली त्यांचा मृत्यू झाला. शवविच्छेदनात दिसले, की मस्तिष्कस्तंभातील मोठी इजा भरून आलेलीच नव्हती! म्हणजे उरलेल्या चेतामार्गांनी काम उचलले होते. हे पाहून दुसरा मुलगा पॉल, जो शास्त्रज्ञ होता, पुनर्वसनाच्या अभ्यासाकडे वळला.

या कोड्याचा दुसरा धागा जुना आहे. १८९५ साली मॉट आणि शेरिंग्टन यांनी माकडाच्या एका हाताच्या फक्त संवेदना नेणाऱ्या चेता कापल्या. हालचालीच्या चेता शाबूत असूनही माकडाने तो हात वापरणे सोडले. पुढे एडवर्ड टॉब यांनी चांगला हात बांधून ठेवला, तेव्हा माकड तोच 'निकामी' हात वापरू लागले. हात न वापरण्याची सवयच त्याला जडली होती! २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील चाचणीत २२२ रुग्ण होते. त्यांच्या दुबळ्या हातात थोडी हालचाल शिल्लक होती. ज्यांच्या चांगल्या हातावर दोन आठवडे मोजा चढवून दुबळ्या हाताकडून कसून सराव करून घेतला, त्यांची सुधारणा नेहमीच्या उपचारांपेक्षा अधिक झाली, आणि वर्षभरानंतरही टिकली.

प्रत्येक रुग्ण पेद्रोंइतका सुधारेल असे नव्हे. व्यायामही तज्ज्ञाच्या सल्ल्याने, तोल सांभाळायला कोणी जवळ असतानाच करावेत. पण घरातल्या आजोबांच्या सदऱ्याची बटणे आपण प्रेमाने लावून देतो, तेव्हा त्यांचा सराव आपणच हिरावून घेतो, हे मात्र लक्षात ठेवायला हवे.