बरोबरीची शर्यत

आपल्या बालाघाट जिल्ह्यात घरात मराठी आणि बाजारात हिंदी चालते. पण एखाद्या मुलाची बुद्धी वयाबरोबर वाढली नाही, तर त्याच्यासाठी दोन्ही भाषांत एकच शब्द निघतो : ‘भोळा’. शब्दात माया आहे. पण भोळ्याला शर्यतीत कोणी धरत नाही. मीही धरले नव्हते. वीस वर्षांपूर्वी शाळेच्या क्रीडादिनी असा एक मुलगा धावायला रांगेत उभा राहिला, तेव्हा मी त्याला हाताला धरून टाळ्या वाजवणाऱ्यांत नेऊन बसवले.

अशा मुलांसाठी जे काही उभे राहिले, त्याची सुरुवात बहुधा कुणाच्या तरी घरातून झालेली दिसते. मुंबईत 1944 साली होरमसजी आणि दीना वकील या दांपत्याने आपल्या जय या मुलीसाठी शाळा काढली. ती पुढे अनेकांची झाली. अमेरिकेत केनेडी घराण्यातील रोझमेरीवर 1941 साली मेंदूची शस्त्रक्रिया झाली आणि ती कायमची परावलंबी झाली. तिची बहीण युनिस श्रायव्हर हिने 1962 साली मेरीलँडमधील आपल्या घराच्या आवारात अशा मुलांचे क्रीडाशिबिर भरवले. त्यातूनच 20 जुलै 1968 रोजी शिकागो येथे पहिले स्पेशल ऑलिम्पिक झाले. सुमारे 1000 खेळाडू उतरले होते.

या स्पर्धांचे मर्म दयेत नाही, बरोबरीत आहे. आधी प्राथमिक फेरी होते. मग वय आणि कुवत पाहून तीन ते आठ जणांचे गट पाडतात. त्यामुळे सावकाश धावणाऱ्यालाही जिंकण्याची खरी संधी मिळते आणि हरण्याचीही. हरण्याचा मान आपण या मुलांना कधी दिलाच नाही!

शहाण्यांनी मात्र यातही लबाडी केली. सिडनीच्या 2000 सालच्या पॅरालिम्पिकमध्ये, म्हणजे दिव्यांगांच्या एका वेगळ्या स्पर्धेत, बौद्धिक अक्षमतेच्या गटातील बास्केटबॉलचे सुवर्णपदक स्पेनने पटकावले. पुढे उघड झाले, की बारांपैकी दहा खेळाडूंना तशी अक्षमता नव्हतीच. त्यानंतर या गटालाच बाहेर काढण्यात आले. 2012 च्या लंडन स्पर्धेपर्यंत दार बंद राहिले. गुन्हा शहाण्यांचा, शिक्षा भोळ्यांना.

आपल्याकडे हे काम ‘स्पेशल ऑलिम्पिक्स भारत’ करते. 2023 साली बर्लिनमध्ये भारतीय चमूने 202 पदके मिळवली.

वाचकहो, बर्लिन दूर आहे. पण गावातल्या शाळेचे मैदान दूर नाही. गट पाडायला एक घड्याळ आणि एक वही पुरते. यंदा दिवाळीच्या सुट्टीनंतर आमच्या शाळेत प्रत्येक मुलाची वेळ टिपली जाईल आणि बरोबरीच्यांना बरोबर धावू दिले जाईल. टाळ्या वाजवायला मी बसेन.