पदक देणारं राज्य आणि जिवावर उदार झालेला गडी

बीडहून मांजरसुंब्याच्या घाटाकडं निघालं की बिंदुसरेच्या धरणाजवळ आमचं पाली लागतं. १९४८ सालापर्यंत हा सगळा मुलूख निजामाचा. माझा जन्म त्याच्या नंतरचा. पण लहानपणी म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात एक गोष्ट ध्यानात यायची. रझाकारांच्या जुलमाच्या गोष्टी मोठ्यानं सांगत. पण कुणाचा चुलता, कुणाचा मामा निजामाच्या लष्करात होता असा विषय निघाला की आवाज आपोआप खाली यायचा. त्या माणसानं कुणाचं वाईट केलेलं नसलं तरी. चाकरी परक्या राजाची, मग तिथली मर्दुमकी आपली म्हणायची का नाही, हा पेच. मी दहावीपर्यंत शिकलो आन वावरात गुंतलो, पण हा पेच डोक्यातून गेला नाही. हाती लागंल ते वाचत राहिलो.

वाचलं तेव्हा कळलं, हा पेच एकट्या मराठवाड्याचा नाही. इंग्रजांनी १८५६ साली व्हिक्टोरिया क्रॉस हे शौर्याचं सगळ्यात मोठं पदक काढलं. हिंदी शिपायाला मात्र ते १९११ पर्यंत मिळतच नव्हतं. मरायला चालत होता, पदकाला चालत नव्हता! पुढं दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणीच्या दोन गड्यांनी इटलीत ते मिळवलं.

पहिले यशवंत घाडगे, माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे. १० जुलै १९४४. हाताखालची माणसं मशीनगनच्या माऱ्यात मेली किंवा जखमी झाली. घाडगे एकटेच तोफगोळ्यागत धावून गेले. हातबॉम्ब टाकून गन बंद पाडली, एकाला गोळी घातली. बंदुकीत पुन्हा गोळ्या भरायला सवड नव्हती, तर तीच बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना झोडपलं. तेवढ्यात लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या लागल्या आणि तिथंच ते पडले. वय बावीस. ह्या वयात आमच्याकडची पोरं कोयता घेऊन ऊसतोडीला जातात.

दुसरे नामदेव जाधव, संगमनेर तालुक्यातल्या निमजचे. ९ एप्रिल १९४५, सेनिओ नदीचा काठ. जाधव पलटणीत निरोप पोचवायच्या कामावरचे साधे शिपाई. त्यांनी आधी काय केलं? दोन जखमी गड्यांना खोल पाण्यातून, उभ्या चढाच्या बांधावरून, सुरुंग पेरलेल्या पट्ट्यातून उचलून माघारी आणलं. मग परत जाऊन शत्रूच्या तीन मशीनगन बंद पाडल्या. हाताला जखम झाल्यावर बंदूक टाकली आणि हातबॉम्बवर लढले. शेवटी बांधावर चढून पलटणीची गर्जना दिली, मागच्यांना हात करून पुढं बोलावलं. पदक इंग्रज राजाचं होतं, पण पाण्यातून काढलेले गडी त्याच्याच पलटणीतले होते. मला सगळ्यात मोठं वाटतं ते हेच.

स्वातंत्र्यानंतर आपलं पदक आलं, परमवीर चक्र. २६ जानेवारी १९५० ला ते सुरू झालं आणि १५ ऑगस्ट १९४७ पासून लागू धरलं. त्याचं चित्र काढलं सावित्रीबाई खानोलकरांनी. जन्मानं त्या परदेशी. विक्रम खानोलकर ह्या मराठी लष्करी अधिकाऱ्याशी लग्न करून इथल्या झाल्या. पदकावर त्यांनी इंद्राचं वज्र घातलं, दधीची ऋषींच्या हाडांचं. स्वतःची हाडं दुसऱ्यासाठी देणारा, हीच त्यांच्या मनातली वीराची व्याख्या असावी.

हे पदक जिवंतपणी मिळालेले पहिले वीर रामा राघोबा राणे, कारवारकडचे, मुंबई सॅपर्सचे. एप्रिल १९४८ मध्ये नौशेरा-राजौरी रस्त्यावर पाडलेली झाडं आणि पुरलेले सुरुंग ते गोळीबारात काढत होते. जखमी झाले तरी थांबले नाहीत. हेच राणे आधी इंग्रजांच्या फौजेतून ब्रह्मदेशात लढले होते. म्हणजे माणूस एकच, राज्य बदललं.

आता आमच्या मुलखाच्या पेचाकडं येतो. अर्देशीर तारापोर मुंबईत जन्मले, पुण्यात शिकले आणि नोकरीला लागले ते निजामाच्या हैदराबाद लष्करात. नव्या शिपायांना हातबॉम्ब शिकवताना एकाच्या हातून तो जवळच पडला. तारापोरांनी झेप घेऊन उचलला आणि लांब फेकला. तुकडे त्यांच्या छातीत घुसले. निजामाचे सेनापती एल एद्रूस यांनी हे पाहिलं. पुढं सप्टेंबर १९४८ मध्ये मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांच्या फौजेपुढं एद्रूस शरण आले. संस्थान विलीन झालं आणि तारापोर भारतीय लष्करात आले.

सतरा वर्षांनी, सप्टेंबर १९६५ मध्ये, सियालकोट आघाडीवर पूना हॉर्सचं नेतृत्व लेफ्टनंट कर्नल तारापोर यांच्याकडं होतं. फिलोऱ्याच्या लढाईत जखमी झाले, मागं जायला नकार दिला. त्यांच्या पलटणीनं शत्रूचे साठेक रणगाडे मोडले, आपले नऊ गेले. १६ सप्टेंबरला त्यांचा रणगाडा पेटला आणि ते गेले. त्यांना परमवीर चक्र मिळालं. तेव्हा देशाचे लष्करप्रमुख कोण? तेच चौधरी, ज्यांनी हैदराबाद जिंकलं होतं.

म्हणून मी म्हणतो, रझाकारांचा जुलूम विसरायचा नाही. आपल्या माणसांनी तो सोसलाय. पण चाकरी कुणाची केली एवढ्यावरच माणसाला मोजू नये. हाताखालच्या माणसासाठी तो काय करून गेला ते बघावं. पदक सरकार देतं, सरकारं बदलतात. तुमच्या घरात कुणी जुनं लष्करात असंल, कोणत्याही राज्याच्या, तर त्याचं नाव, पलटण, साल लिहून ठेवा. पदक मिळो न मिळो. आमच्या गावात ते कुणी लिहून ठेवलं नाही, आणि सांगणारे आता एकेक करून संपत आलेत.